हळद बाहेरून वाळली, आतून ओलीच राहिली

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली आमची वायगाव हळद. गेल्या साली पोती भरली आणि महिन्याभरात वास आला. हळकुंड मोडलं, तर मधोमध काळसर, ओलसर गाभा. फार जीव तुटला. नऊ महिने राखलेलं पीक ते!

चूक शिजवण्यातच झाली होती. जेठे गड्डे, म्हणजे मधले मोठे मूळ कंद, आणि हळकुंडं एकाच कढईत टाकली. गड्डे शिजेपर्यंत हळकुंडं गळून गेली आणि लवकर उतरवलं तर गड्डे कच्चे. यंदा दोन्ही वेगळी शिजवली. पाण्यावर फेस आला, पांढरी वाफ सुटली, हळदीचा तो खास वास आला की काडी टोचून पाहायची. सहज आत गेली की उतरवायचं. पौण तास ते तास लागतो.

खळ्यावर थर दोन-तीन इंचांचाच ठेवला. सांजच्याला ताडपत्री झाकायचीच, दव पडलं की रंग जातो. आई रोज दुपारी हात फिरवून हळद परतायची.

बाराव्या दिवशी हळकुंड मोडलं. कट्‌कन आवाज, आत एकसारखा केशरी रंग. ओल दहा टक्क्यांवर आली की हा आवाज येतो. मगच पोती शिवली.