खांद्याचा सांधा बदलल्यावर पहिले सहा आठवडे कसे सांभाळायचे

आपल्याला कोणता सांधा बसवलाय, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्या, कारण पथ्य त्यावर ठरतं. नेहमीच्या प्रकारात दंडाच्या हाडावर धातूचा गोळा आणि खांद्याच्या फऱ्यावर प्लास्टिकची वाटी बसते. खांदा फिरवणारे रोटेटर कफ स्नायू शाबूत असतील तरच हा टिकतो. ते फाटले असतील, किंवा वयस्कर माणसाच्या दंडाच्या हाडाचे पडून तुकडे झाले असतील, तर ‘रिव्हर्स’ बसवतात: गोळा फऱ्यावर, वाटी दंडावर. मग हात उचलण्याचं काम बाहेरचा डेल्टॉइड स्नायू करतो.

मोडलेलं हाड थांबत नाही, पण झिजेसाठी करायचं असेल तर नागपुरात हिवाळा गाठा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना छातीशी बांधलेल्या हाताची काख दिवसभर घामाने भिजते आणि तिथे बुरशी धरते. साखर आटोक्यात आणा, किडके दात आधीच दाखवून घ्या. खर्रा आणि विडी-सिगारेट किमान चार ते सहा आठवडे आधी बंद, कारण निकोटिनमुळे जखम उशिरा भरते.

शस्त्रक्रियेच्या वेळी मानेजवळ भूल दिली असेल तर हात १२ ते २४ तास बधिर राहतो. ती उतरायच्या आधीच सांगितलेली गोळी घ्या. कळ चढल्यावर घेतली तर रात्र जागून काढावी लागते.

आत जाण्यासाठी सांध्यासमोरचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू सोडवतात आणि शेवटी परत शिवतात. ती शिवण धरायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा नाही, त्या हाताने दार ओढायचं नाही, चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. रिव्हर्समध्ये सांधा निखळण्याची भीती जास्त, आणि तो बहुधा हात पाठीमागे नेताना किंवा खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठताना निखळतो. परकर मागून सारखा करणं, शर्ट मागे खोचणं, सगळं त्यातच येतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती संडासात, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. डावा खांदा असेल तर धुण्यासाठी डावा हात मागे न्यायची सवय सुटत नाही. उजव्या हाताने, समोरून, जेट वापरून धुण्याचा सराव शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीच सुरू करा. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरात खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा, आणि उठताना फक्त चांगल्या हाताचा आधार घ्या.

झोपताना पाठीमागे उशा रचून अर्धवट बसतं झोपा, स्लिंग (हात अडकवायची गळ्यातली झोळी) ठेवूनच. कोपराखाली घडी केलेली चादर हवी. मान न वळवता, नुसती नजर खाली केली की कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते शरीराच्या मागे गेलंय आणि शिवणीवर ताण येतोय.

सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काख पुसायची तर चांगला हात टेबलावर टेकून कमरेत पुढे वाका आणि दुखरा हात सैल लोंबू द्या. काख आपोआप उघडते, मग सुती कापडाने टिपा, घासू नका.

बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा, नाहीतर हाताला सूज येते. खांद्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढाच. शेजारच्या काकूंचा व्यायाम आपला नव्हे, त्यांचा सांधा वेगळा असू शकतो. गाडी चालवणं सहा आठवड्यांच्या आत नाही, तीही डॉक्टरांना विचारूनच. दुखणं आधी कमी होतं. ताकद वर्षभर हळूहळू वाढत राहते.

जखमेतून पू किंवा पाणी येत राहिलं, ताप आला, किंवा झटका बसून खांद्याचा आकार बदलला तर त्याच दिवशी दाखवा. खांद्यातला जंतुसंसर्ग कधी कधी ताप न येताही, काही महिन्यांनी नुसतं दुखणं आणि आखडलेपण घेऊन येतो. चांगला चालणारा खांदा पुन्हा दुखू लागला तर मालिश करत बसू नका, दाखवा.