पैठणी, नथ आणि टायमर: स्वतःचा पोर्ट्रेट स्वतःच काढायचाय?

आधी एक ठरवा, लाइट कुणासाठी लावायचा, चेहऱ्यासाठी की अंगावरच्या कलेसाठी, म्हणजे साडी-दागिन्यांसाठी? माझं ऐकाल तर कापडासाठी लावा, चेहऱ्याचं आपोआप जमतं. उलटं केलं की चेहरा मस्त गुळगुळीत येतो आणि पदरावरचा मोर मात्र प्रिंट मारल्यासारखा सपाट.

येवल्याची पैठणीच घ्या ना, नाशिकपासून साधारण ८० किमीवर विणतात, त्यामुळे आईची नाहीतर मावशीची एखादी मागून मिळते. धूपछाव असेल तर भारीच, कारण त्यात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, कापड जरा वळलं की रंगही बदलतो. समोरून फ्लॅश मारलात की सगळी गंमत गेली. त्यापेक्षा सकाळी खिडकीच्या बाजूला खांदा करून उभं राहा म्हणजे उजेड आडवा येतो, पदराच्या निऱ्या घट्ट पिन न करता पदर हातावर मोकळा सोडा, म्हणजे घडीच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा दिसतो. ट्यूबलाइट, बल्ब सगळं बंद. खोलीत फार अंधार वाटला तर दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, ती उजेड परत फेकते.

आता मोबाइल. सेल्फी कॅमेरा नको, हात जेमतेम दोन फूट लांब जातो आणि इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, वर नथ असेल तर मग बघायलाच नको. मागचा कॅमेरा, २एक्स झूम, सहा-सात फुटांवर ट्रायपॉड, नाहीतर डब्यांवर डबे रचा. तुम्ही उभं राहणार तिथे एक स्टूल ठेवून त्यावर जरीकाठाचं एखादं दुसरं कापड टाका, स्क्रीनवर जरीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं खाली ओढा, कारण जरीची चमक पांढरी फटफटीत झाली की एडिटिंगमध्ये परत येत नाही. दहा सेकंदांचा टायमर लावा, स्टूल बाजूला करा, त्याच जागी उभं राहा. ब्युटी मोड बंद!! तो त्वचेबरोबर विणकामही पुसून टाकतो.

पोज सुचत नसेल तर फोटो-कलाकार पुष्पमाला एन. यांचं काम बघा, राजा रविवर्म्याच्या चित्रातल्या बायकांसारखं नटून त्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्यात, कपडे दागिने पडदा सगळं तसंच. पोज दागिन्यावरून ठरवायची हे तिथे नीट कळतं. म्हणजे नथ दाखवायची तर अगदी समोर बघू नका, मान जरा फिरवा, मोती गालावर न येता मागच्या अंधारावर आले पाहिजेत. मागे काळी शाल टांगली तरी चालतं. टेराकोटाचे झुमके किंवा हाताने रंगवलेला दुपट्टा असेल तर चमक नसते, तिथे एक्स्पोजर खाली ओढायची गरज नाही, पण आडवा उजेड हवाच, नाहीतर मातीचा खरखरीतपणा दिसत नाही.

बाहेर काढायचा तर नाशिकच्या गोदाघाटावर नारोशंकराच्या मंदिराचा काळा दगड जरीला झकास उठाव देतो, पण पहाटे जा, आणि बुधवारी बाजार भरतो तेव्हा नकोच, टायमर लावून मोबाइल सोडून लांब उभं राहायचं असतं हे लक्षात ठेवा. एखाद्या मैत्रिणीला मोबाइलजवळ उभं करा, फोटो काढायला नाही, राखायला.

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनला हात लावू नका. राणी आणि जांभळा हे रंग मोबाइल हमखास बिघडवतो, तेव्हा साडी परत करायच्या आधी खिडकीशी धरून स्क्रीनवरच्या रंगाशी ताडून बघा आणि फक्त व्हाइट बॅलन्स (फोटोची पिवळी-निळी झाक) हलवा. आणि हो, घडी घालताना जुन्या मोडीवर घालू नका, जरीची तार तिथेच तुटते, मग मावशी पुढच्या वेळी द्यायची नाही.