इंग्लिश क्लबच्या अकॅडमीत यायचंय? रिझर्व्ह आणि युथ टीमांबद्दल आधी एवढं माहीत असू द्या

मी कोल्हापूरचा, म्हणजे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल टीमांची मॅच असली की पेठेत दुसरं काही सुचत नाही अशा गावातला. सध्या लँकेशरमध्ये असतो. प्रेस्टनला परफॉर्मन्स ॲनालिसिसमध्ये (व्हिडिओ आणि डेटावरून खेळाचा अभ्यास) मास्टर्स केलं, त्यातलं प्लेसमेंट, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून करायचं प्रत्यक्ष काम, इथल्याच एका प्रोफेशनल क्लबच्या अकॅडमीत झालं आणि पुढे तिथेच पार्टटाइम काम मिळालं. क्लबचं नाव लिहीत नाही, सगळा मामला लहान मुलांचा आहे आणि आतल्या गोष्टी बाहेर बोलणार नाही असं आम्ही सगळ्यांनी सही करून दिलेलं आहे. पण गावाकडून मेसेज येत राहतात, एक म्हणजे "आमच्या पोराला तिकडे ट्रायल मिळेल का", आणि दुसरा "मला तिथे काम कसं मिळेल". दोघांनाही उत्तर देताना मला आधी तेच तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतोय.

रिझर्व्ह टीमपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. इथले वयस्कर लोक अजून "रिझर्व्हज" म्हणतात पण त्या अर्थाची टीम मोठ्या क्लबांत आता उरलेली नाही. पूर्वी उत्तरेकडच्या क्लबांच्या दुसऱ्या टीमा सेंट्रल लीगमध्ये खेळायच्या, ही लीग १९११ पासूनची. त्यात दुखापतीतून परत येणारा तिशीतला डिफेंडर, मॅनेजरच्या मनातून उतरलेला एखादा इंटरनॅशनल आणि सतरा वर्षांचं पोरगं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसायचे, आणि समोरच्या टीममध्येही तसेच बाप्ये असायचे. १९९९ ला वरच्या क्लबांसाठी प्रीमियर रिझर्व्ह लीग आली, ती २०१२ ला बंद झाली आणि तिच्या जागी २१ वर्षं वयाची अट असलेली लीग आली. २०१६ ला तिचं नाव प्रीमियर लीग टू झालं, वय २३ केलं, मग २०२२ ला परत २१ वर आणलं. काही ठरावीक मोठ्या वयाचे खेळाडू चालतात, त्यामुळे कधीकधी फर्स्ट टीमचा ओळखीचा चेहरा फिटनेससाठी खेळताना दिसतो. २०२३-२४ पासून २६ टीमा एकाच टेबलमध्ये, प्रत्येकीच्या २० मॅच आणि वरच्या १६ टीमांचा नॉकआउट असं स्वरूप केलं.

माझं स्पष्ट मत, या बदलात पोरांचं काहीतरी हरवलंय. अंडर-२१ चा फुटबॉल बघायला छान असतो, पासिंग स्वच्छ, सगळे तंदुरुस्त, पण समोरच्या माणसाचं घर त्या तीन पॉइंटवर चालत नसतं आणि ते मैदानात जाणवतं. म्हणूनच वीस वर्षांचा पोरगा क्लबमध्ये चांगला दिसला की त्याला लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, लीग वन, लीग टू या खालच्या प्रोफेशनल लीगमधल्या क्लबांकडे पाठवतात, आणि म्हणूनच २०१६ पासून कॅटेगरी वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या अकॅडमींच्या अंडर-२१ टीमांना ईएफएल ट्रॉफी या कप स्पर्धेत लीग वन-टूच्या बाप्या टीमांशी खेळायला घेतलंय. छोट्या क्लबांच्या फॅन लोकांना ते अजिबात आवडलेलं नाही, त्यांची बाजूही मला पटते, आपल्या शंभर वर्षांच्या क्लबने कुणाच्या तरी ज्युनिअर टीमशी का खेळावं असं त्यांना वाटतं. पण पोरांसाठी त्या रात्री सोन्यासारख्या असतात.

आता कॅटेगरी म्हणजे काय ते सांगतो, नोकरीच्या जाहिरातीत हा शब्द पहिल्याच ओळीत असतो. २०१२ मध्ये ईपीपीपी नावाची योजना लागू झाली, म्हणजे एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन. तिने अकॅडमींना एक ते चार अशा कॅटेगरी दिल्या, मैदानं किती, कोच किती, फिजिओ, शिक्षण, ॲनालिस्ट हे सगळं तपासून. कॅटेगरी वनला खर्च प्रचंड असतो पण माणसंही जास्त लागतात, म्हणजे तुमच्यासाठी जागा तिथे जास्त. याच योजनेने जुना दीड तासाचा नियम काढला, आधी मुलगा क्लबपासून साधारण दीड तासाच्या आत राहणारा असावा लागायचा, आता मोठे क्लब लांबून पोरं उचलतात आणि छोट्या क्लबाला ठरावीक दराने भरपाई मिळते.

वयाचे तीन टप्पे असतात, अंडर-९ ते ११ फाउंडेशन, १२ ते १६ युथ डेव्हलपमेंट, आणि त्याच्या वर प्रोफेशनल डेव्हलपमेंट. सोळाव्या वर्षी स्कॉलरशिप मिळाली तर दोन वर्षं पोरगा रोज क्लबमध्ये, सोबत अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो, आणि सतरा पूर्ण झाल्याशिवाय प्रोफेशनल काँट्रॅक्ट करता येत नाही. मोठ्या क्लबांच्या ठरलेल्या शाळा असतात, मँचेस्टर युनायटेडची ॲश्टन-ऑन-मर्सी स्कूल, सिटीची सेंट बीड्स, लिव्हरपूलची रेनहिल. लांबची पोरं क्लबने तपासून ठरवलेल्या स्थानिक कुटुंबात राहतात, त्याला डिग्ज म्हणतात. कोण घरी नीट जेवत नाही, कुणाला आईची आठवण येते, हे ज्या घरी पोरगा राहतो त्या मावशी कोचच्या आधी ओळखतात आणि क्लबमध्ये त्यांच्या शब्दाला किंमत असते, मला ही गोष्ट फार आवडली.

इथे वयाचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरला जन्मलेली पोरं त्याच गटातल्या जुलै-ऑगस्टच्या पोरांपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतात आणि अकॅडमीत त्यांचाच भरणा दिसतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी तर एकाच टीममध्ये मिसरूड फुटलेला आणि अजून बाळसेदार असे शेजारी उभे असतात. म्हणून आता बायो-बँडिंग करतात, म्हणजे जन्मतारखेऐवजी शरीर किती वाढलंय त्यावर गट पाडून मॅच लावतात. आमच्याकडे ठरावीक काळाने उंची, बसून उंची, वजन मोजलं जातं, उंची झपाट्याने वाढत असेल तर त्या मुलाचं धावणं कमी करतात कारण त्याच काळात गुडघे आणि टाचा दुखायला लागतात. कोल्हापुरात असं दुखणं असलेल्या पोराला आपण "तेल लाव आणि खेळ" म्हणतो, गावाकडच्या कोच लोकांनी निदान एवढी एक गोष्ट इथून जरूर उचलावी.

ट्रायलबद्दल पालकांना आता सरळच सांगतो. भारतात राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलाला इंग्लिश क्लब साइन करू शकत नाही. फिफाचा अल्पवयीन मुलांच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरचा नियम आधीपासून होताच, आणि जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटनंतर, इंग्लिश क्लबांना युरोपातलीही १८ खालची पोरं आणता येत नाहीत. जिथे स्पेनचा सोळा वर्षांचा मुलगा आणता येत नाही तिथे सांगली-सोलापूरचा कसा आणतील? त्यामुळे कुणी "क्लबच्या अकॅडमीत ट्रायल करून देतो, एवढे लाख भरा" म्हणत असेल तर तिथेच थांबा. क्लबच्या नावाने चालणारे समर कॅम्प, सॉकर स्कूल हे खरे असतात, मुलाला मजा येते, शिकायलाही मिळतं, पण ती पैसे भरून केलेली ट्रिप आहे, अकॅडमीचं दार नाही. खरी अकॅडमी पालकांकडून ट्रायलचे पैसे घेत नाही. १८ नंतरही वर्क परमिटची भिंत आहेच, सुनील छेत्रीसारख्या खेळाडूचं २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी ठरलेलं परमिटमुळे अडलं होतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये खेळलेला, ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये ट्रेनिंगला येऊन गेला, तेवढा रस्ता उघडा असतो, आणि तोही आधी भारतात नाव केल्यावर.

ब्लॅकबर्नचं नाव निघालंच तर, नवीन आलेल्या मराठी माणसाने युथ फुटबॉल समजून घ्यायला मी हाच क्लब सुचवतो. मालक पुण्याचे, वेंकीज, नोव्हेंबर २०१० पासून, त्यामुळे महाराष्ट्रातला म्हटलं की इथला टॅक्सीवालासुद्धा त्यावरच सुरू होतो आणि लोकांचा राग बराच आहे, ऐकून घ्यायचं. पण अकॅडमी कॅटेगरी वन आहे आणि कॅटेगरी वनमधल्या कितीतरी क्लबांच्या मानाने ब्लॅकबर्न म्हणजे छोटं गाव. ट्रेनिंग ग्राउंड ब्रॉकहॉलला, रिबल व्हॅलीत, पूर्वी तिथे मोठं हॉस्पिटल होतं. २०१२ ला त्यांची पोरं एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) युथ कपच्या फायनलपर्यंत गेली आणि चेल्सीकडून हरली. ॲडम वॉर्टन गावातलाच, सहाव्या वर्षापासून क्लबमध्ये, ऑगस्ट २०२२ ला फर्स्ट टीममध्ये आला, फेब्रुवारी २०२४ ला क्रिस्टल पॅलेसने सुमारे १ कोटी ८० लाख पाउंड देऊन नेला आणि त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो स्क्वॉडमध्ये होता. चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीगमधल्या क्लबाला अकॅडमी का परवडते याचं उत्तर या एका विक्रीत आहे. आणि लुईस ट्रॅव्हिस, त्याला लिव्हरपूलने सोडलं, तो २०१४ ला इथे आला आणि पुढे कॅप्टन झाला.

रोव्हर्सच्या अंडर-२१ च्या मॅच लेलंडच्या लँकेशर एफएच्या ग्राउंडवर झालेल्या आहेत, लेलंड प्रेस्टनहून ट्रेनने अगदी जवळ. मँचेस्टर युनायटेडची पोरं ली स्पोर्ट्स व्हिलेजला खेळतात, एव्हर्टनची साउथपोर्टला खेळायची. जाण्याआधी क्लबच्या साइटवर ग्राउंड बघून घ्या, बदलत असतं. तिकीट स्वस्त, गर्दी कमी, बेंचवरून कोच काय ओरडतोय ते ऐकू येतं, आणि टीमशीट घेऊन बसलेले स्काउट तुमच्या पुढच्याच रांगेत असतात, मॅच संपल्यावर नमस्कार-चमत्कार करायला काही हरकत नाही. युथ कपची मोठी मॅच मात्र वेगळीच गोष्ट, २०२२ ची फायनल ओल्ड ट्रॅफर्डला ६७,४९२ लोकांनी पाहिली, अठरा वर्षांखालच्या पोरांची मॅच!

कामाचं म्हणाल तर प्लेसमेंटला मी जे केलं ते असं. उंच खांबावर कॅमेरा लावायचा, पावसात झाकायचा, मॅच रेकॉर्ड करायची, मग स्पोर्टस्कोड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडिंग करायचं, म्हणजे प्रत्येक प्रेस, प्रत्येक पास तोडून टॅग करायचा, आणि प्रत्येक पोराच्या तीन-चार क्लिप त्याच्या कोचला द्यायच्या. पोरांचं धावणं मोजणाऱ्या जीपीएसच्या बनियन वाटायच्या, गोळा करायच्या, डेटा उतरवायचा. सगळी माहिती प्रीमियर लीगच्या सिस्टिममध्ये भरायची. हे काम कंटाळवाणं वाटेल पण बारा वर्षांच्या पोराला काय दाखवायचं आणि काय नाही हे शिकायला मला फार वेळ लागला नाही कारण आमचे कोच तिथे कडक होते, चुकीची क्लिप एक असेल तर बरोबरच्या दोन हव्यात आणि आधी पोराला विचारायचं, तुला काय दिसतंय.

कागदपत्रं. लहान मुलांत काम म्हणजे डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणं, लागणारच, आणि तुम्ही भारतातून आलेले असल्यामुळे भारतातलं पोलीस क्लिअरन्सही मागतात, ते पासपोर्ट सेवा केंद्रातून निघण्याआधीच काढून ठेवा, इथून काढायला जीव जातो. एफएचा सेफगार्डिंग कोर्स आणि फर्स्ट एड करून घ्या. पोरांचा फोटो काढायचा नाही, त्यांना सोशल मीडियावर ॲड करायचं नाही, एकट्या पोराला गाडीतून सोडायचं नाही, यात सवलत कुणालाच नाही.

आणि व्हिसा, हे नीट वाचा. स्टुडंट व्हिसावर डिग्रीवाल्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन म्हणून काम करायला बंदी आहे आणि त्यात कोचिंगही येतं. ग्रॅज्युएट व्हिसावरही ही अट आहेच. म्हणजे तुम्ही एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) कोचिंग लायसन्स घेऊन आलात आणि एखाद्या क्लबने पैसे देऊन कोच म्हणून ठेवतो म्हटलं तरी हो म्हणण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. ॲनालिसिस, स्पोर्ट सायन्स या जागा कोचिंगच्या नाहीत पण जॉबच्या वर्णनात काय लिहिलंय ते त्यांनाही दाखवा. कोर्सचाच भाग असलेलं प्लेसमेंट असेल तर सगळ्यात सोपं, म्हणून ॲडमिशन घेतानाच विचारा की प्लेसमेंट युनिव्हर्सिटी लावून देते की स्वतः शोधायचं. पैसे सुरुवातीला मिळत नाहीत किंवा सेशनमागे थोडे मिळतात, घरून वर्षभराचा खर्च निघेल अशी तयारी करूनच या.

हे सगळं शिकता येतं. जे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत ते म्हणजे रिलीज. अकॅडमीतली बहुतेक पोरं प्रोफेशनल होत नाहीत, नऊ वर्षांचा असताना आलेला मुलगा चौदाव्या, सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी एका खोलीत आईवडिलांसोबत बसतो आणि त्याला सांगतात की पुढचं वर्ष नाही. त्या मीटिंगला ॲनालिस्ट नसतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या चांगल्या खेळाची फिल्म तुम्ही बनवता, ती तो दुसऱ्या क्लबांना पाठवतो. आमच्याकडे हे काम नवीन लोकांवर येतं आणि मला ते अकॅडमीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. त्या मुलाचं खेळणं पुढे चालू राहायला हातात तेवढंच असतं त्याच्या, म्हणून मी त्याच्या तीन वर्षांच्या सगळ्या मॅच परत काढून बघतो, घाईत चार गोल जोडून देत नाही. क्रिस्टल पॅलेसने सोडलेल्या पोरांसाठी तीन वर्षांचा आफ्टरकेअर कार्यक्रम चालू केलाय, इतर क्लबही काही ना काही करतात, अजून खूप करायला हवं. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडेने लहान चणीचा म्हणून सोडलं होतं हे सगळे सांगतात, पण प्रत्येक सोडलेला मुलगा वार्डी होत नाही, त्यामुळे पोरांना त्याचं उदाहरण देऊ नका, त्यांना ते ऐकून ऐकून पाठ झालेलं असतं. कॉलेजचं काय, नॉन-लीगमध्ये, म्हणजे लीग टूच्या खालच्या लीगमध्ये, कुठे खेळशील, अमेरिकेची स्कॉलरशिप बघितलीस का, हे विचारा.

जाहिराती बहुतेक मे ते जुलैमध्ये येतात, जुलैत प्री-सीझन सुरू होतो. अर्जासोबत बायोडेटापेक्षा काम पाठवा, एक अंडर-२१ ची मॅच बघा, एकच खेळाडू निवडा, गोल करणारा नको, लेफ्ट बॅक वगैरे घ्या, त्याच्यावर दोन पानं आणि काही क्लिप. मला इंटरव्ह्यूत त्या दोन पानांवरच सगळे प्रश्न आले. कोल्हापूर-पुण्यातून निघण्याआधी सराव करायचा असेल तर तालमीच्या मॅचचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही चालतो, फक्त गॅलरीत वरच्या पायरीवर उभं राहून काढा म्हणजे दोन्ही टीमांची रचना दिसेल.