फळाचं वजन करा, कोय वगळून

कॅलरी मोजण्याच्या ॲपमध्ये 'एक केळं' असं लिहून मोकळं होऊ नका. तिथलं मध्यम केळं म्हणजे सोलून साधारण 118 ग्रॅम, 105 कॅलरी. परवा घरातलं वेलची केळं सोलून काट्यावर ठेवलं, तर भरलं जेमतेम 45 ग्रॅम. म्हणजे कॅलरी 40! त्यामुळे नोंद नगावर नको, ग्रॅममध्ये करा.

पोषणमूल्यांच्या तक्त्यातले आकडे 100 ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे असतात. आंब्याला हे फार नडतं. हापूस आधी वाटीत ठेवून अख्खा तोलायचा, मनसोक्त खायचा (कोय चोखायला हरकत नाही), मग साल आणि कोय त्याच वाटीत टाकून पुन्हा तोलायचं. वजाबाकी केली की पोटात किती गेलं ते कळतं. 100 ग्रॅम गराला सुमारे 60 कॅलरी धरा. आमरसात साखर घातली असेल तर ती वेगळी लिहा. चहाच्या एका सपाट चमच्याला 16 कॅलरी.

आकडे भारतीय फळांचे हवे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते बघा. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, 4.184 ने भागा. न भागता लिहिलंत तर पेरू खाऊनही धडकी भरेल.

आणि नुसत्या कॅलरी बघत बसू नका. कलिंगडात 100 ग्रॅमला 30च कॅलरी, पण 'क' जीवनसत्त्वात ते पेरूच्या जवळपासही येत नाही.