खाऱ्या पाण्याची टाकी: आधी प्रवाह, मग फिल्टर

गोड्या पाण्यातले मासे वर्षानुवर्षं सांभाळलेला माणूस खाऱ्या पाण्याकडे वळला की दुकानात पहिलं विचारतो, "फिल्टर कुठला घेऊ?" हा प्रश्न जरा नंतर विचारायचा. खाऱ्या पाण्यात घाण पचवण्याचं मुख्य काम करतात ते दगडांच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू. त्यांच्यापर्यंत घाण आणि प्राणवायू पोचवतो तो प्रवाह. पाणी नीट फिरत नसेल तर महागडा फिल्टर नुसता वीज खातो. म्हणून आधी पाणी कसं फिरणार ते ठरवा आणि मग पाकिटाला हात घाला.

हिशोबासाठी तीन फुटी टाकी धरू: 90 × 45 × 45 सेंमी. काठोकाठ भरली तर 182 लिटर, दगड-वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता साधारण 150.

1. पाणी

पुण्यात महापालिकेच्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी तसं मऊ असतं, पण त्यात क्लोरीन असतं. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाणी जड, शिवाय आपल्या बेसाल्ट खडकातलं सिलिकाही त्यात उतरतं. सिलिका आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाला मेजवानी. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय काडतूस लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणलेलं पाणीच वापरा. स्वयंपाकघरातला आरओ चालणार नाही. चव राखण्यासाठी बऱ्याच घरगुती यंत्रांत क्षार मुद्दाम ठेवलेले किंवा पुन्हा मिसळलेले असतात.

ॲक्वेरियमसाठी मिळणारं सागरी मीठ लिटरला अंदाजे 35 ग्रॅम घ्या. बादलीत छोटा पंप सोडून दिवसभर फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की टाकीत ओता. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ थेट कधीही टाकू नका.

2. दगड

मालवणला गेलात तर किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणू नका. आपल्याकडच्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षण आहे आणि ते उचलणं गुन्हा आहे. कोरडा सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतो, तो घ्या.

दगड मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचायची आपल्याला भारी हौस. तसं केलं की मागे पाणी साचतं आणि तिथेच घाण कुजते. मागे तळहात सहज जाईल इतकं अंतर ठेवा आणि दगडांमध्ये आरपार पोकळ्या सोडा. दगडाच्या बाहेरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू संपलेला असतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको, फक्त अमोनियाचे थोडे थेंब. टाकलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की समजा जम बसला.

3. वेव्हमेकर

फक्त मासे असतील तर ताशी टाकीच्या दहापट पाणी फिरलं तरी भागतं. मऊ प्रवाळांना 15 ते 20 पट हवं, कठीण प्रवाळांना त्याहून बरंच जास्त. आपल्या 150 लिटरला 20 पट म्हणजे ताशी 3000 लिटर. हे एका मोठ्या वेव्हमेकरवर, म्हणजे टाकीत पाणी ढकलणाऱ्या पंख्यावर, घेण्यापेक्षा 1500 चे दोन घ्या. एक डावीकडे वरच्या बाजूला, पाण्याचा पृष्ठभाग हलेल असा. दुसरा उजवीकडे थोडा खाली, दोन्ही झोत एकमेकांवर तिरके आपटतील असा. पृष्ठभाग हलल्यानेच प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. कुठल्याही प्रवाळावर सरळ झोत नको.

चाचणीसाठी माशांचं चुरा खाद्य चिमूटभर सोडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. कण जिथे दरवेळी येऊन थांबतात तो मेलेला कोपरा. वेव्हमेकर बोटभर वळवा, पुन्हा बघा. वाळू उडून काच उघडी पडत असेल तर झोत थोडा वर करा.

4. ओव्हरफ्लो, संप, स्किमर

टाकीतलं वरचं पाणी ओव्हरफ्लोतून (काठाजवळची वाट) खालच्या संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या छोट्या टाकीत, उतरतं: आधी फिल्टर पिशवी, मग स्किमर, मग कार्बन, शेवटी पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. पिशवी दर तीन-चार दिवसांनी बदलून धुणार असाल तरच लावा. आठवडेच्या आठवडे तशीच राहिलेली पिशवी नायट्रेटचा कारखाना होते, त्यापेक्षा नसलेली बरी.

स्किमर मात्र जरूर घ्या. डाळ उकळताना वर फेस जमतो तसा यात फेस जमतो, आणि तो फेसच विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटवून वर कपात आणतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे जमतं. गोड्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र जवळपास निरुपयोगी. स्किमरच्या कप्प्यात पाण्याची उंची कायम एकच राहिली पाहिजे. नवा स्किमर पहिला आठवडाभर कधी ओसंडतो, कधी काहीच काढत नाही. सारखा पिळत बसू नका. कपात कोऱ्या चहासारखं, नाक मुरडायला लावणारं पाणी जमू लागलं की काम चालू झालं.

रिटर्न पंप ताशी पाच-सहा पट पुरे. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. संपपासून टाकीपर्यंत सव्वा मीटर चढताना तो बराच घसरतो. म्हणून रिटर्नचं तोंड बादलीत धरून मोजा: 10 लिटर 40 सेकंदांत भरले तर ताशी 900.

बोहरी आळीत पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह सगळं मिळेल, पण पितळी किंवा तांब्याचं काहीही घेऊ नका. खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि कोळंबी, प्रवाळ मरतात. "पितळी जास्त टिकतो" असं प्लंबर म्हणेलच. यूपीव्हीसीवर, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांवर, ठाम राहा.

5. गुरुवारची परीक्षा

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, हे सांगायला नको. पंप थांबला की रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं संपमध्ये येतं, तोंड उघडं पडून हवा ओढेपर्यंत. आपल्या टाकीत 1 सेंमी पाणी म्हणजे 4 लिटर. रिटर्नचं तोंड 5 सेंमी खोल असेल तर 20 लिटर खाली येणार. 60 × 30 सेंमीच्या संपमध्ये त्याने पातळी 11 सेंमी चढेल, वर पाइपांमधलं पाणी वेगळं. तेवढी जागा नसेल तर ते पाणी हॉलमध्ये. तोंड 2 सेंमीवर आणा, म्हणजे 8 लिटरच. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, एक गोगलगाय अडकली तरी तो बंद होत नाही.

टाकी भरली त्याच दिवशी पंप हाताने बंद करा, पाणी थांबेपर्यंत बघा आणि पंप चालू असतानाची सुरक्षित कमाल पातळी संपच्या काचेवर मार्करने आखून ठेवा.

वीज बराच वेळ गेली तर आधी संपतो तो प्राणवायू. कमी वॅटचा एक डीसी वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर ठेवा, हीटर किंवा चिलर नको. कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला, टाकीबाहेरचा) वापरत असाल आणि तो काही तास बंद राहिला तर थेट चालू करू नका. आतले जिवाणू गुदमरून पाणी कुजलेलं असतं. आधी उघडा, ते पाणी फेका, मगच जोडा. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या आणि सर्किटला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

6. उन्हाळा आणि देखभाल

एप्रिल-मेमध्ये पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची. पातळी फक्त रिटर्नच्या कप्प्यात खाली जाते. ती फार उतरली की पंप हवा ओढून टाकीत धुक्यासारखे बुडबुडे सोडतो. पाणी 25 ते 27 अंशांत ठेवायला संपवर छोटा पंखा बऱ्याचदा पुरतो, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. भर मात्र रोज घालावी लागेल.

आठवड्याला 10 टक्के पाणी बदला. त्याआधी रबरी फुग्याच्या पिचकारीने दगडांवरची घाण उडवा, म्हणजे ती बदलायच्या पाण्याबरोबर निघते. कार्बन महिन्याला बदला. वेव्हमेकर आणि पंप दोन-तीन महिन्यांनी पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ब्रशने घासा. चुन्याचा थर बसला की पंख जड फिरतो आणि प्रवाह गुपचूप कमी होतो. नायट्रेट अचानक चढलेलं दिसलं तर नवीन औषध विकत आणण्याआधी हेच तपासा.