गाडीत पावसाचं पाणी येतंय? सिलिकॉनची ट्यूब आणण्याआधी या चुका टाळा

कौलारू घरात वाढलेल्यांना हे माहीत असतं की थेंब ज्या जागी पडतो, त्याच्या डोक्यावरचं कौल बहुतेक वेळा धड असतं. पाणी शिरतं वर कुठेतरी, रिपेवरून, वाशावरून ओघळत दोन-चार हात पुढे येतं आणि मग टपकतं. गाडीची गळतीही अशीच असते. फरक इतकाच की गाडीतला वासा कार्पेट, प्लास्टिक आणि फोमच्या आड लपलेला असतो.

हे मला फार उशिरा कळलं. आमच्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये डावीकडच्या पुढच्या सीटच्या पायाशी पाणी यायचं. पहिल्या पावसाळ्यात एका गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवून दिलं. दुसऱ्या पावसाळ्यात दाराचं रबर बदललं. पाणी येतच राहिलं. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका मेकॅनिकने वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी काढली आणि आतून अर्धी बादली आंब्याची पानं, मोहोर आणि माती निघाली. पाणी वाहून जायचं भोक गच्च बुजलेलं होतं. साचलेलं पाणी ब्लोअरला हवा ओढणाऱ्या तोंडातून थेट आत येत होतं. साफ करायला वीस मिनिटं लागली. पण तोवर दोन पावसाळे ओलं राहिलेल्या कार्पेटखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. तो कापून नवा वेल्ड करावा लागला. काचेची किंवा दाराची काही चूकच नव्हती.

गाडी डबाबंद असते असं समजू नका

बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या या समजुतीतून होतात. गाडी पाणी अडवत नाही, ती पाण्याला वाट काढून देते. घराच्या छपराला पन्हळ असते तशा गाडीलाही असतात आणि त्या तुंबल्या की पाणी घरात येतं.

दाराचंच बघा. खिडकीच्या काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, ते तसंच ठरवलेलं असतं. दाराच्या तळाला बारीक फटी असतात, त्यातून ते खाली निघून जातं. त्या फटी चिखलाने बुजल्या की दार पाण्याने भरतं. वळणावर दारातून डबक्यासारखा खळखळाट ऐकू आला तर समजा हेच झालंय. आइस्क्रीमच्या काडीने त्या मोकळ्या करता येतात. धारदार पेचकस घालू नका, रंग खरवडला की तिथून गंज सुरू होतो.

त्याच दारात आतल्या बाजूला, डोअर पॅडच्या म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या मागे, प्लास्टिकचा किंवा पातळ फोमचा एक पडदा चिकट काळ्या ब्युटाइलने लावलेला असतो. पोकळीतलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. नवे स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडोची मोटर बदलताना तो पडदा फाडला जातो, नाहीतर अर्धवट चिकटवला जातो, आणि गाडीमालकाला पत्ताही नसतो. म्हणून स्पीकर लावल्यानंतरच्या पहिल्याच पावसात गाडी ओली झाली असेल तर काचेकडे बघूच नका, आधी डोअर पॅड उघडून घ्या. पडदा धड असेल तर ब्युटाइल टेपने नीट चिकटवून पुन्हा बसतो. फाटला असेल तर जाड प्लास्टिक त्याच मापाने कापून लावता येतं, फक्त त्याची खालची कड पोकळीच्या आत वळलेली राहिली पाहिजे.

सनरूफचंही तेच. त्याच्या काचेभोवतीचं रबर पूर्ण पाणी रोखेल अशी अपेक्षाच नसते. खाली एक पन्हळीसारखा ट्रे असतो आणि त्याच्या कोपऱ्यांतून, बहुतेक गाड्यांत चार, बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. त्या तुंबल्या किंवा सांध्यातून निसटल्या की छताच्या कापडावर डाग पडतात नाहीतर पायाशी पाणी येतं. तपासायला पेलाभर पाणी पुरतं. सनरूफ उघडा, ट्रेच्या एकेका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओता आणि ते गाडीखाली कुठे निघतं ते बघा. निघालं नाही तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवा. वॉशिंग सेंटरवर हवेचा जोराचा झोत मारून घेऊ नका. त्याने नळी आतल्या सांध्यातून सुटते आणि मग साध्या साफसफाईचं काम छताचं कापड उतरवण्यावर जातं. छताच्या कडेने अनेक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅगही असते, त्यामुळे ते काम घरी करायचं नाही.

आधी विचारायचे प्रश्न

पाईप हातात घेण्याआधी चार दिवस नुसतं लक्ष ठेवा. मला वाटतं, निम्मी गळती इथेच सापडते.

गाडी पावसात नुसती उभी असताना ओली होते की चालवल्यावरच? चालवल्यावरच होत असेल तर पाणी खालून येत असण्याची शक्यता मोठी. गाडीच्या तळाच्या पत्र्यात रबराची बुचं असतात. एखादं पडलं की चाकाने उडवलेलं पाणी तिथून आत येतं, आणि ते बहुधा गढूळ असतं. उभ्या गाडीत पाणी येत असेल तर ती कोणत्या उताराला, कुठे तोंड करून उभी होती ते आठवा. सपाटीवर कोरडी राहणारी गाडी घाटातल्या घरासमोर तोंड खाली करून उभी केली की भिजते, कारण तुंबलेलं पाणी वेगळ्या कोपऱ्यात जमतं.

पाऊसच नसताना ओलं होतं का? मग पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. एसी चालवल्यावर आत जमणारं पाणी एका नळीतून गाडीखाली पडतं. कोकणातल्या दमट हवेत उभ्या गाडीत पंधरा मिनिटं एसी चालवला की खाली लहानसं थारोळं दिसलंच पाहिजे. ते दिसत नसेल आणि पायाशी स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ती नळी तुंबली आहे. पाणी बोटांना चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. हीटरचा रेडिएटर गळतोय. बॉनेटमधल्या डबीतली पातळी बघा आणि गाडी लगेच दाखवा, कारण इथे प्रश्न इंजिन तापण्याचा आहे.

हॅचबॅकवाल्यांसाठी एक आडवाटेची शक्यता. मागच्या काचेवर पाणी मारणारी नळी पुढून मागे केबिनच्या आतून जाते. ती मध्येच सुटली की मागची काच धुताना पाणी आत सांडतं. वॉशरच्या डबीत साबणाचं पाणी असेल तर ओल्या जागी साबणाचा वास येतो.

सगळी गाडी एकदम भिजवू नका

तपासायला दोघं लागतात. एक जण आत बॅटरी घेऊन, दुसरा बाहेर बागेचा पाईप घेऊन. आधी आतलं सगळं कोरडं करा, मॅट काढा, संशयाच्या कडांना टाल्कम पावडर भुरभुरा. पाण्याचा थेंब पावडरीवरून गेला की त्याची वाट स्पष्ट दिसते.

पाणी खालून वर घ्यायचं. आधी दाराचा खालचा भाग, मग खिडकीची कड, मग पुढच्या काचेचा तळ, कड, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं नुसती संथ धार. घाई करून सुरुवातीलाच छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कोणत्या फटीतून आत आलं हे कळायला मार्ग उरत नाही. प्रेशर वॉशरने तर अजिबात तपासू नका. त्याचा झोत धडधाकट रबरातूनही पाणी ढकलतो आणि मग नसलेल्या गळतीच्या मागे लागायची वेळ येते.

दाराच्या रबरासाठी दहा रुपयांची नोट दारात अडकवा, दार लावा आणि नोट ओढा. ती थोडी अडत, घासत यायला हवी. जिथे सहज निसटते तिथे रबर बसकं झालंय किंवा दाराचं बिजागर सैल आहे. बिजागर सैल होऊन दार खाली झुकलं असेल तर नवं रबर घालून काही होणार नाही.

आतल्या माणसाने फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडेही बघावं. मोठा हॉर्न किंवा फॉगलाइट बसवताना वायर आत घ्यायला तिथलं रबराचं ग्रोमेट (वायरच्या भोकातलं रबरी कडं) कापतात, आणि पाणी त्या वायरवरूनच ओघळत फ्यूजबॉक्सपर्यंत येतं.

डिकीला विसरू नका. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांचं गॅस्केट, डिकीचं रबर, वरचा तिसरा ब्रेकलाइट आणि छतावरच्या अँटेनाचं बूड या क्रमाने बघा. बंपरमागे हवा जाण्यासाठी झडपा असतात, ठोकर लागून बंपर बदललेल्या गाडीत त्या नीट बसलेल्या नसतात.

सिलिकॉनबद्दल

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नका. वाळताना ते ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्यावर गंज धरतो. वरून काठ बुजल्यामुळे आत शिरलेलं पाणी तिथेच अडकतं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर ना रंग धरत, ना काचेचं खरं चिकटद्रव्य. म्हणजे जो कारागीर पुढे योग्य काम करणार, त्याचंही काम आपण नासवून ठेवतो.

पुढची काच खरोखर गळत असेल तर ती उतरवून, खालचा गंज घासून, प्रायमर मारून पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने पुन्हा बसवणं हाच उपाय. खर्च जास्त आहे, पण ती काच फक्त पावसासाठी नसते. अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना तिलाच टेकते. काच बसवल्यावर गाडी किती तासांनी हलवायची हे त्या चिकटद्रव्यावर अवलंबून असतं, ते विचारून घ्या आणि तेवढं थांबा.

वरून पुसलं म्हणजे वाळलं नाही

गळती बुजवली की लोक टॉवेलने कार्पेट पुसतात, सुगंधी डबी लावतात आणि विषय संपवतात. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कार्पेटच्या खाली फोमचा किंवा दाबलेल्या नमद्याचा जाड थर असतो. तो स्पंजसारखा लिटरच्या लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरचा गालिचा हाताला कोरडा लागला तरी आत महिनोन्‌महिने ओला राहतो. पत्रा गंजतो, बुरशी धरते. घरात दमा असलेलं माणूस असेल तर ती बंद केबिनमधली हवा त्याला सोसत नाही. काही गाड्यांत वायरिंगचे सांधे आणि कंट्रोल युनिट कार्पेटखाली किंवा पायाशेजारच्या पॅनलमागे असतात. सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करू लागलं, डॅशबोर्डवर कारण नसताना दिवे लागले, तर त्या कनेक्टरवर हिरवट गंज आलाय का हे बघून घ्या.

दाराच्या पायरीवरची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली की कार्पेटची कड उचलता येते. खाली लाकडाचा ठोकळा द्या आणि टेबलफॅन थेट त्या फटीत वारा घालेल असा ठेवा. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर आधी तो फिरवा. जुलैत ऊन मिळत नाही, तेव्हा एक दिवस नव्हे, तीन-चार दिवस द्यावे लागतात. पाणी खूप असेल तर सीट काढून थर बाहेरच काढावा लागतो. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. बॅटरीची तार काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका आणि ते सुटे असताना चावी फिरवू नका. खात्री नसेल तर हे काम माहितगाराकडूनच करून घ्या. जुनं रबर किंवा गंज यांचा खर्च विम्यात बसत नाही, तो खिशातूनच जातो.

जुनी गाडी घेताना याच जागा उलट्या हेतूने बघायच्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालची बारीक, मऊ माती बघा. पावसाच्या गळतीने एखादा कोपरा ओला होतो. चारही पायांशी सारखाच गाळ असेल तर ती गळती नव्हे, पूर आहे, आणि ती गाडी घेऊ नका.

मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटी, वायपरखालची जाळी काढून पानं उपसा, दारांच्या तळाच्या फटी आणि सनरूफच्या नळ्या मोकळ्या करा. झाडाखाली गाडी लावत असाल तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी बघा. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की चारही पायांशी, मॅटच्याच नव्हे तर कार्पेटच्याही खाली, हात घालून बघा. मग डिकी उघडून स्टेपनीखाली.