ब्रायटनला एक दिवस: आधी टेकडी, मग महाल, शेवटी समुद्र

लंडनमध्ये राहायला लागल्यापासून घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला नेलंय. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे जातात तशीच आमची स्वारी गेली. स्टेशनवर उतरायचं, लोंढ्याबरोबर उतार उतरून थेट समुद्र गाठायचा, पिअरवर, म्हणजे समुद्रात काढलेल्या लांब धक्क्यावर, फिरायचं, चिप्स खायचे आणि दमून परत यायचं. दिवस वाईट जात नाही, पण अर्धं ब्रायटन बघायचं राहून जातं. आणि राहतं तेच नेमकं आपल्याशी सगळ्यात जवळचं असतं. म्हणून मी आता क्रम उलटा करते: सकाळी टेकडीवर, दुपारी रॉयल पॅव्हिलियन या महालात आणि ऊन कललं की समुद्रावर.

तिकीट आणि गाडी

लंडनहून ब्रायटन साधारण ऐंशी किलोमीटर. व्हिक्टोरियाहून थेट गाडी तासाभरात पोचते. सेंट पँक्रस, ब्लॅकफ्रायर्स किंवा लंडन ब्रिजवरून थेम्सलिंकच्या गाड्या आहेत, त्यांना जरा जास्त वेळ लागतो. तिकीट काढताना तीन गोष्टी बघा. एक, लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड गॅटविक विमानतळापर्यंतच चालतं, ब्रायटनला नाही, त्यामुळे वेगळं तिकीट काढावंच लागतं. दुसरी, स्वस्त तिकिटांपैकी काही फक्त एकाच कंपनीच्या गाडीला लागू असतात. तिकिटावर ‘फक्त थेम्सलिंक’ असं लिहिलेलं असेल तर व्हिक्टोरियाच्या गाडीत बसू नका, दंड होतो. तिसरी, गर्दीच्या वेळा टाळून तीन किंवा जास्त मोठी माणसं एकत्र निघाली तर भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत अर्धं.

रविवारी जाणार असाल तर आदल्या रात्री गाड्यांचं वेळापत्रक पुन्हा बघा. रुळांची कामं बहुतेक शनिवार-रविवारीच काढतात आणि मग मधला टप्पा बसने करावा लागतो. एकदा सासूबाई आणि दोन लहान मुलं बरोबर असताना आम्ही असेच अडकलो होतो. तेव्हापासून हे बघितल्याशिवाय मी डबा भरायला घेत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला प्राइडचा, म्हणजे एलजीबीटी समुदायाच्या उत्सवाचा, शनिवार-रविवार असतो. त्या उत्सवासाठी जायचं नसेल तर तो दिवस टाळा, गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

बाल्कम स्टेशन गेलं की खिडकीतून बाहेर बघा. गाडी ऊझ नदीच्या खोऱ्यावरून जाते. खालचा पूल ३७ कमानींचा आहे आणि १८४१ साली ही लाइन सुरू झाली तेव्हापासून उभा आहे. गाडीतून कमानी दिसत नाहीत, पण दोन्ही बाजूंची शेतं एकदम खोल खाली गेलेली दिसतात.

सकाळ: छत्री

ज्यांच्या पायांत दम आहे त्यांनी आधी ‘छत्री’ला जावं. वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही, आणि ब्रायटनमध्येही तिचं नाव छत्रीच आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत लढताना जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना ब्रायटनच्या रुग्णालयांत आणत. इथे जे हिंदू आणि शीख सैनिक वारले, त्यांच्यापैकी ५३ जणांचं दहन शहराच्या उत्तरेला या उघड्या डोंगरउतारावर झालं आणि रक्षा समुद्रात सोडली गेली. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झालं. दहनाच्या जागेवर संगमरवरी छत्री बांधली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं अनावरण झालं. तिचा आराखडा केला तो मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पज्ञाने.

जायचं कसं? शहरातून पॅचमची बस घ्या. बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. पॅचमहून वर चढणारी पायवाट धरा, ए-२७ महामार्ग ओलांडला की घरं संपतात आणि गवताळ टेकड्या सुरू होतात. चढ सोपा आहे, पण पाऊण ते एक तास चालावं लागतं. टॅक्सी दारापर्यंत जात नाही. पाऊस पडून गेला असेल तर चिखल होतो, म्हणून साध्या चपला नकोत. वाटेत फाटकं लागतात. ती उघडलीत तर मागे बंद करा, आत मेंढ्या चरत असतात. तिथे दुकान नाही, शौचालय नाही, पाण्याचा नळ नाही. पाणी आणि खाणं बरोबर घ्या.

वर गेल्यावर बघायला फार काही नाही. आठ खांबांवरचा पांढरा घुमट आणि त्याच्या पायथ्याशी ग्रॅनाइटच्या तीन शिळा, जिथे चिता रचत तिथल्या. जवळच ५३ नावं कोरलेली भिंत आहे. ती २०१० मध्ये उभी राहिली, म्हणजे ही नावं इथे दगडावर उमटायला नव्वदहून जास्त वर्षं गेली. मी दर वेळी ती सगळी वाचते, मोठ्याने. पाच-सात मिनिटं लागतात. दूरवर समुद्राची निळी-राखाडी रेघ दिसते, आणि वारा सोडला तर दुसरा आवाज नसतो. दरवर्षी जूनमध्ये इथे स्मृतिसभा होते. जमलं तर त्या दिवशीच या.

बरोबर वयस्कर माणसं असतील, किंवा डिसेंबर-जानेवारीत चारलाच अंधारत असेल, तर छत्री सोडून थेट महालाकडे जा. माझ्या आईच्या गुडघ्यांना हा चढ झेपला नसता. तिला मी महालाच्या बागेच्या दक्षिण टोकाला नेलं. तिथे ‘इंडियन गेट’ नावाची कमान आहे. याच सैनिकांच्या शुश्रूषेची आठवण म्हणून भारताकडून ती भेट मिळाली आणि १९२१ मध्येच पतियाळाच्या महाराजांनी तिचं उद्घाटन केलं. आईने कमानीच्या दगडाला हात लावून नमस्कार केला. शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारलं, इथे काय आहे? त्या ब्रायटनच्याच होत्या, रोज त्या दारातून ये-जा करणाऱ्या.

दुपार: रॉयल पॅव्हिलियन

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रायटन हे मासेमारीचं साधं गाव होतं. मग डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याने रोग बरे होतात असं सांगायला सुरुवात केली आणि श्रीमंत मंडळी इकडे येऊ लागली. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेला राजपुत्रही आला. त्याच्यासाठी वास्तुशिल्पज्ञ जॉन नॅशने १८१५ पासून जुन्या घराला घुमट आणि मिनार चढवून हा महाल केला. बाहेरून हिंदुस्थानी, आतून चिनी. राजपुत्र आणि नॅश, दोघांपैकी कोणीही हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. व्हिक्टोरिया राणीचं मात्र इथे मन रमलं नाही आणि १८५० मध्ये महाल गावाने विकत घेतला.

तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि आत दोन तास राखून ठेवा. बंद होण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश थांबतो, म्हणून तीनपर्यंत तरी पोचा.

मेजवानीच्या दालनात मान वर करून थोडं उभं राहा. छताच्या घुमटात केळीची प्रचंड पानं पसरलेली आहेत, त्यांच्याखाली चांदीचा ड्रॅगन, आणि त्याच्या पंजातून सुमारे टनभर वजनाचं झुंबर लोंबतंय. माझ्या आईने बाकी वैभवाकडे फारसं लक्ष दिलं नाही, पण पानं बघून म्हणाली, “अगो, केळीच की ही! शिरा बघ कशा काढल्यायत.” तिथून पुढे स्वयंपाकघर आहे, त्याच्या लोखंडी खांबांना वर तांब्याचे झाप लावलेत. राजाच्या मेजवान्या इथे रांधल्या गेल्या आणि शंभर वर्षांनी, डिसेंबर १९१४ पासून महालाचं रुग्णालय झाल्यावर, याच खोलीत हिंदी सैनिकांवर शस्त्रक्रिया झाल्या. स्वयंपाकाची सोय बाहेर केली होती: नऊ स्वयंपाकघरं, मुसलमानांची वेगळी, मांसाहारी हिंदूंची वेगळी, शाकाहाऱ्यांची वेगळी. पाण्याचे नळसुद्धा वेगवेगळे. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. शिखांसाठी बागेत तंबूत गुरुद्वारा. ऑगस्ट १९१५ मध्ये इथल्याच हिरवळीवर पंचम जॉर्ज राजाने जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक दिलं. सरकारने या सगळ्याची छायाचित्रं आणि पोस्टकार्डं काढून प्रचारासाठी भरपूर वापरलीही, हे लक्षात ठेवून बघावं. महालात या रुग्णालयाची माहिती देणारं दालन आहे. ते चुकवू नका. बहुतेक लोक दमून त्याआधीच चहाकडे वळतात.

इथे आणखी एक आपला माणूस आठवावा. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद यांनी लंडनमध्ये १८१० साली हिंदुस्थानी खाण्याचं पहिलं कॉफी हाऊस काढलं. ते फार चाललं नाही. मग ते ब्रायटनला आले आणि समुद्रकिनारी वाफेच्या स्नानाचं आणि चंपीचं स्नानगृह थाटलं. चौथा जॉर्जही त्यांचं गिऱ्हाईक. इंग्रजीत ‘शॅम्पू’ म्हणतात तो शब्द चंपीच्याच कुळातला. त्यांची कबर स्टेशनजवळच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. परतीच्या वाटेवर दहा मिनिटं काढता येतील.

पोटोबा

महालाच्या जवळच लेन्सच्या अरुंद बोळांचं जाळं आहे. स्थानिक लोक अशा बोळाला ‘ट्विटन’ म्हणतात. दागिन्यांची दुकानं बघायला छान, घ्यायला महाग. नॉर्थ लेन हा भाग वेगळा, स्टेशनकडे. तिथे जुने कपडे, ग्रामोफोनच्या तबकड्या, आणि खाण्याच्या खूप जागा. ब्रायटनमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, निव्वळ शाकाहारी उपाहारगृहंही आहेत.

चिप्सबाबत मात्र एक सावधगिरी. या देशात काही ठिकाणी तळण गाईच्या चरबीत करतात. ‘तेल वनस्पतीचं आहे ना, आणि मासे तळता त्याच कढईत चिप्स काढता का?’ एवढं विचारा. कोणी वाईट वाटून घेत नाही. मासे खाणाऱ्यांनी हॅडक किंवा कॉड घ्यावा, वर मीठ आणि व्हिनेगर भरपूर. आणि किनाऱ्यावर बसून खायचं तर पाठ भिंतीला लावून बसा. इथले समुद्रपक्षी कोंबडीएवढे मोठे असतात आणि मागून येतात. लहान मुलाच्या हातातला घास तर हमखास नेतात.

संध्याकाळ: समुद्र

माझी आई गुहागरची. पहिल्यांदा किनारा बघून तिने विचारलं, “पुळण कुठाय?” ब्रायटनला पुळण नाही. सगळे गोटे. पूर्ण ओहोटी लागली तर खाली थोडी वाळू उघडी पडते, तेवढीच. म्हणून अनवाणी चालायचा विचार सोडा. जुने बूट किंवा पाण्यात घालायच्या चपला आणा, बसायला जाड चटई आणा. पण एकदा बसलात की ऐका. लाट मागे फिरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली जातात, आणि तो खळखळाट आपल्याकडच्या कुठल्याही किनाऱ्यावर ऐकू येत नाही. आई त्याच्यासाठी तासभर हलली नाही.

पाण्यात उतरायचं असेल तर हे वाचाच. ऑगस्टमध्येसुद्धा पाणी सतरा-अठरा अंशांच्या आसपास असतं. थंडीने पहिल्याच क्षणी श्वास अडकतो, म्हणून उडी मारू नका, हळूहळू उतरा. किनारा तीव्र उताराचा आहे, भरतीच्या वेळी चार पावलांत पाणी गळ्याशी येतं. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहा आणि लाल झेंडा असेल तर घोटाभर पाण्यातही जाऊ नका. भरती-ओहोटीच्या वेळा सकाळीच बघून ठेवा. आणखी एक, आठवण म्हणून गोटे उचलून आणू नका. किनाऱ्याची धूप रोखणारे तेच आहेत आणि ते नेणं कायद्याने गुन्हा आहे.

मुलं बरोबर असतील तर पिअरपासून मरीनाच्या दिशेने जाणारी व्होल्कची छोटी विजेची गाडी चुकवू नका. मॅग्नस व्होल्क यांनी ती ऑगस्ट १८८३ मध्ये सुरू केली, आणि अजून धावणाऱ्या विजेच्या रेल्वेगाड्यांत ती जगात सर्वांत जुनी आहे. थंडीत बंद असते.

पॅलेस पिअर १८९९ सालचा, सव्वापाचशे मीटर लांब, पाळणे, खेळ, गोंगाट. टोकापर्यंत एक चक्कर पुरे. मला त्याच्यापेक्षा पश्चिमेचा जुना पिअर जास्त जवळचा वाटतो. १८६६ मध्ये उघडला, १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये आगी लागल्या, आणि आता पाण्यात नुसता लोखंडी सांगाडा उभा आहे. सूर्य त्याच्या बाजूला कलतो.

हिवाळ्यात गेलात तर अंधार पडायच्या अर्धा तास आधी पॅलेस पिअरजवळ थांबा. तेल्या मैनांचे हजारोंचे थवे समुद्रावर येतात. क्षणात गोळा होतात, क्षणात ताणले जातात, आणि डोक्यावरून गेले की पंखांचा सळसळाट ऐकू येतो. उजेड संपला की एकामागून एक लाटेसारखे खाली येऊन पिअरखालच्या खांबांवर बसतात. मग स्टेशनची वाट धरा. सकाळी पंधरा मिनिटांचा असलेला रस्ता आता चढाचा आहे, वीस-पंचवीस मिनिटं हातात ठेवा.